‘शॅकल’ हा शब्द ख्मेरमध्ये कसा न्यावा

जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत मी अठरा वर्षं रिगर होतो. आमच्या कामाला जुनी माणसं खलाशीकाम म्हणत. जड वस्तू बांधायची, उचलायची, हेलकावा न देता जागेवर नेऊन टेकवायची. नंतर तीन वर्षं कंबोडियात सिएम रीपला होतो, पडझड झालेल्या देवळांचे दगड उतरवून पुन्हा रचण्याच्या कामावर. तिथं पहिल्याच महिन्यात मी स्टोअरला एक यादी दिली. चेनपुली दोन, बेल्ट चार, वायर रोप दोन आणि शॅकल बारा. स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मोबाइलवर ‘शॅकल’ टाकलं आणि ख्मेरमधला, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतला, जो शब्द आला तो अक्षरं बघून जसाच्या तसा उतरवला.

काकांनी यादी वाचली. त्या ओळीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघत दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवली आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. शेजारच्या मुलानं मला सांगितलं, “ते विचारतात, बारा माणसं कोण आहेत?”

काकांचं वय साठीच्या पुढं. १९७५ ते १९७९ या काळात, ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत, ते ऐन विशीत असणार. मी यादी परत घेतली, ती ओळ खोडली आणि कागदावर चित्र काढून दिलं. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. आमच्या भागातली पोरं आता कामासाठी कुठं कुठं जातात, कंबोडियातही जातात. त्यांच्यासाठी आणि भाषांतराचं काम करणाऱ्यांसाठी त्या वहीतलं एका शब्दापुरतं इथं मांडतो. हीच रीत दुसऱ्या शब्दांनाही चालेल.

आधी विचारा, शब्द कुणाच्या तोंडचा आहे

‘शॅकल’ हा शब्द जालन्यात एका दिवसात चार ठिकाणी ऐकू येतो आणि चारही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. क्रेनजवळ शॅकल म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखी जाड लोखंडी कडी, तिच्या उघड्या तोंडात आडवी पिन. ट्रकच्या गॅरेजमध्ये शॅकल म्हणजे कमानपट्ट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला धरणारा झुलता तुकडा. मिस्त्री म्हणतो, “शॅकल पिन खाल्ली,” म्हणजे ती झिजली. लाइनमन खांबावर चढून शॅकल बसवतो तो चिनी मातीचा असतो, डमरूसारखा मधे खाच असलेला. गावातली विजेची लाइन जिथं वळते किंवा संपते तिथं तार त्या खाचेत बांधतात. आणि हार्डवेअरच्या दुकानात कुलपाची जी वाकवलेली दांडी कडीतून जाते तिलाही इंग्रजीत शॅकलच म्हणतात.

समुद्रावरच्या लोकांकडं आणखी एक अर्थ आहे. जहाजाच्या नांगराची साखळी तुकड्यातुकड्यांची असते आणि ते तुकडे शॅकलनं जोडलेले असतात. त्यामुळं पंधरा फॅदम, म्हणजे ९० फूट, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटर साखळीलाच ‘एक शॅकल’ म्हणायची जुनी रीत आहे. “पाच शॅकल पाण्यात” असं वाचलं तर कुणाच्या पायात पाच बेड्या आहेत असं समजू नका, ती लांबी आहे.

या सगळ्यांच्या आधीचा अर्थ माणसाला जखडण्याचा. एक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हा शब्द त्याच अर्थानं सापडतो. कडी आणि पिन यांचा आकार तसाच राहिला, नाव लोखंडाबरोबर कारखान्यात आलं. आणि शेवटचा अर्थ लाक्षणिक, कर्जाचा शॅकल, रूढीचा शॅकल.

तर पहिलं काम हे की वाक्य हातात घेतलं की विचारायचं, या शॅकलच्या एका टोकाला माणूस आहे का? असेल तर पुढं वाचा. नसेल तर थेट या लेखाच्या शेवटाकडं जा, कारण तिथं ख्मेर शब्द वापरायचाच नाही.

माणूस असेल तर अवयव विचारा

इंग्रजीत जखडण्याच्या साधनांना बरीच नावं आहेत आणि ती ऐकताना सारखी वाटतात. पण त्यातली निम्मी नावं अवयवावरून पडली आहेत. ‘फेटर’ हा शब्द ‘फूट’ म्हणजे पाय या शब्दाचा भाऊ, आणि दोघंही आपल्या ‘पाद’चे लांबचे चुलते. म्हणून फेटर पायातलाच. ‘मॅनकल’ लॅटिनमधल्या हात या शब्दावरून आला, म्हणून तो हातातला. ‘हॅण्डकफ’मध्ये हात उघडच दिसतो. ‘शॅकल’ मात्र हाताचाही असतो, पायाचाही. म्हणून ‘शॅकल’ आला की नुसत्या शब्दावर भागत नाही, मागचं पुढचं वाचून अवयव शोधावा लागतो. घोटा दिसतोय का, चालताना आवाज येतोय का, हात पाठीमागं आहेत का.

कचेरीच्या पत्रात आपण ‘एक्स्पीडाइट करा’ असं वाचतो ना, त्या शब्दातही पायच आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाय मोकळे करणं. आणि ‘इम्पीड’ म्हणजे पाय अडकवणं. आपल्याकडं नेमकं हेच काम ‘पायबंद’ करतो. तो शब्द फारसीतून आला, घोड्याच्या पायाच्या दोरीचा होता, आता महागाईला पायबंद, चोऱ्यांना पायबंद असा पेपरात रोज दिसतो.

इथं मला मराठीसाठी थोडं थांबायचं आहे, कारण माझं म्हणणं असं की दुसऱ्याच्या भाषेत शिरण्याआधी आपल्या घरातला माल मांडून बघावा. माझं बालपण घनसावंगी तालुक्यातलं. आमच्या गोठ्यात जनावर बांधायचे शब्द मोजायला बसलो तर एक पान भरतं. खुंट्याला बांधायचं ते दावं. दाव्यांची रांग ती दावण. नाकातून ओवलेली ती वेसण. पिकात चालताना बैलानं तोंड घालू नये म्हणून तोंडाला बांधायचं ते मुसकं. आणि भटकणाऱ्या गाईच्या गळ्यात अडकवायचं लाकूड ते लोढणं, ती पळायला लागली की गुडघ्यावर आपटतं. माणसासाठी हातकडी वेगळी, बेडी वेगळी. दोन्ही हात पाठीमागं आवळून बांधणं म्हणजे मुसक्या बांधणं. लाकडाच्या भोकात पाय घालून बसवायचा तो खोडा. दोन पायांतल्या कड्यांमधे लोखंडी दांडा असलेली ती दंडाबेडी. जाड साखळीचा तो साखळदंड.

माझ्या आजोबांच्या दोन्ही घोट्यांवर गुळगुळीत, केस नसलेला पट्टा होता. निजामाच्या राज्यात ते आठ महिने एका तुरुंगात होते, मराठवाडा मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ ला, त्याच्या आधी. कुणी पाहुणा भाषणात ‘गुलामीच्या शृंखला’ म्हणाला की आजोबा मान हलवायचे. नंतर मला म्हणायचे, “शृंखला म्या पाहिली नाही रे. माझ्या पायात बेडी होती.” शब्दाला वजन असतं हे मी क्रेनवर शिकायच्या आधी त्यांच्याकडून शिकलो. भाषांतरात दोन शब्द समोर असले आणि एक कानाला छान वाटत असला, तरी जो अंगाला लागलेला आहे तो घ्या.

आता ख्मेर शब्द

ख्मेर भाषेत माणसाच्या अंगावरच्या या सगळ्या लोखंडाला एक मुख्य शब्द आहे, ‘ख्नॉह’. शेवटचा ‘ह’ पुरा म्हणायचा नाही, श्वास सोडून थांबायचं. मोबाइलनं मला दिलेला शब्द हाच होता.

यातली आपल्या लोकांसाठी सोयीची गोष्ट अशी की ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून निघाली. तिची व्यंजनं ३३ आहेत आणि क्रम आपल्या बाराखडीच्या पाटीसारखाच, क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. अक्षरागणिक उतरवलं तर हा शब्द चक्क ‘ख्नोः’ असा होतो, ख, त्याखाली न, ओकार आणि विसर्ग. ख्मेर शब्दकोश उघडलात तर तो क नंतरच्या ख मध्ये मिळेल. इंग्रजी वर्णक्रमाची सवय असलेल्या माणसाला जिथं महिना लागतो तिथं तुम्हाला एक संध्याकाळ पुरेल. फक्त एक लक्षात ठेवा, अक्षर आपलं असलं तरी उच्चार बदललेला आहे. आपला ग तिथं क सारखा ऐकू येतो, आपला द ट सारखा. म्हणून शोधताना अक्षरावर जा, बोलताना कानावर जा.

आता अवयव जोडायचा. हात म्हणजे ‘डाय’. पाय म्हणजे ‘चंग’, यातला अ जरा लांबवायचा आणि शेवट ङ वर करायचा. आपण ‘हातकडी’ म्हणताना हात आधी ठेवतो. ख्मेरमध्ये वस्तू आधी, मग ती कुणाची ते. म्हणून हातकडी म्हणजे ‘ख्नॉह डाय’, पायातली बेडी म्हणजे ‘ख्नॉह चंग’. उलटं केलंत तर समोरच्याला कळत नाही. आणि साखळी हवी असेल, नुसती साखळी, कुत्र्याची किंवा सायकलची, तर ‘च्रॉवाक’. ख्नॉह आणि च्रॉवाक एक नाहीत. मराठीत बेडी आणि साखळी एक नाहीत, तसंच.

बेडी जिथं बसते त्या जागेची नावंही शिकून घ्या, पोलिसांच्या किंवा दवाखान्याच्या कागदात लागतात. मनगट म्हणजे ‘कॉ डाय’ आणि घोटा म्हणजे ‘कॉ चंग’. ‘कॉ’ म्हणजे मान. हाताची मान, पायाची मान. किती नेमकं पाहिलंय त्या लोकांनी! माझ्या हाताखालच्या एका पोराचं मनगट वायर रोपमध्ये सापडलं होतं तेव्हा हा शब्द मी दवाखान्यात वापरला आणि नर्सला एकदाच सांगावं लागलं.

लिपीतही पाय आहे. जोडाक्षरात खाली जे अक्षर लिहितात त्याला ते अक्षराचा ‘चंग’ म्हणतात. ख्नॉह लिहिताना ख च्या पायाशी न येतो.

अनेकवचनाची काळजी करू नका. इंग्रजीत हे शब्द बहुतेक वेळा अनेकवचनात येतात, मराठीत आपण ‘बेड्या’ म्हणतो, ख्मेरमध्ये नाम बदलत नाही. जोडी सांगायची तर मागं ‘मुय कू’ म्हणजे एक जोडी असं लावा.

शब्द पाडून जोडू नका

हा भाग नीट वाचा. माझ्या वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड याच पानावर आहे.

दोरीनं बांधणं म्हणजे ख्मेरमध्ये ‘चॉङ’. त्याच्यातून नाम होतं ‘चॉम्नॉङ’, म्हणजे बंध, बांधणी. आता डोकं चालवणारा माणूस काय करेल? ‘चॉम्नॉङ’ म्हणजे बंधन, ‘डाय’ म्हणजे हात, तर ‘चॉम्नॉङ डाय’ म्हणजे हातकडी. मीही असंच जोडलं होतं, एका सुरक्षा सूचनेच्या कच्च्या मसुद्यात. माझ्याबरोबरच्या मुलीनं तो वाचला आणि खुलून म्हणाली, “कुणाचं लग्न आहे?”

‘चॉम्नॉङ डाय’ म्हणजे लग्नातला आहेर, पाकिटात घालून द्यायचे पैसे. त्यांच्या लग्नात नवरानवरीच्या मनगटाला दोरे बांधतात आणि आशीर्वाद देतात. आपल्याकडं हळकुंड बांधतात, कंकण बांधतात, त्यातलाच प्रकार. हाताला बांधण्याचा हा मंगल विधी त्या शब्दात बसलेला आहे, तुरुंग नाही.

आणि ‘चॉम्नॉङ चंग’? पायाचं बंधन, म्हणजे बेडी असं वाटेल. पण त्याचा अर्थ शीर्षक. पुस्तकाचं, बातमीचं, लेखाचं नाव.

तिसरी चूक बांगडीची. ‘ख्से’ म्हणजे दोरी, तार, सर. ‘ख्से डाय’ म्हणजे हातातलं ब्रेसलेट. ‘कॉङ डाय’ म्हणजे बांगडी किंवा कडं. चित्रातली वस्तू बघून कुणी ‘हातातलं लोखंडी कडं’ असं सांगायला गेला तर ऐकणारा दागिना समजेल. आपल्या हातकडीतसुद्धा ‘कडी’ आहेच की. म्हणून तुकडे जोडून शब्द बनवायचा मोह टाळा. बनवलेला शब्द शब्दकोशात उलटा शोधा, ख्मेरकडून इंग्रजीकडं. तिथं आहेर निघाला तर तो तुमचा शब्द नाही.

घालणं आणि सोडवणं

इंग्रजीत ‘शॅकल’ नामही आहे, क्रियापदही. ख्मेरमध्ये क्रियापद वेगळं लावतात. ‘डाक’ म्हणजे ठेवणं, घालणं. ‘डाक ख्नॉह’ म्हणजे बेडी घालणं. काढायची तर ‘डॉह ख्नॉह’. ‘डॉह’ आणि ‘ख्नॉह’ एकमेकांशी यमक धरतात, म्हणून विसरत नाहीत.

या ‘डॉह’वर माझा फार जीव आहे. गाठ सोडवली तरी डॉह, कपडे काढले तरी डॉह. ‘डॉह स्राय’ म्हणजे प्रश्न सोडवणं, अडचण सोडवणं. ‘डॉह लेङ’ म्हणजे कैद्याला सोडून देणं. इंग्रजीत या तीन कामांना तीन शब्द लागतात. मराठीत? गाठ सोडवली, गणित सोडवलं, पोराला सोडवून आणलं. एकच क्रियापद! मराठी माणसानं ख्मेर शिकताना इंग्रजीच्या पुलावरून जायचं कारण नाही, काही ठिकाणी आपली पायवाट सरळ जाते.

तशीच पायवाट तुरुंगाच्या शब्दात आहे. बोलताना लोक ‘कुक’ म्हणतात. पण पाटीवर लिहिलेलं असतं ते वेगळं, कानाला ‘पोन्थेनियाकिया’ असं काहीतरी ऐकू येतं. ते अक्षरागणिक उतरवा, बन्धनागार. बंधनाचं आगार. पाटी वाचता आली तेव्हा मी रस्त्यात उभाच राहिलो. कैदी म्हणजे ‘नेअक टोह’, म्हणजे दोष असलेला माणूस, ‘टोह’ हा आपला दोष. आणि त्याच ‘बन्ध’चा एकटा शब्द, उच्चार ‘पुअन’, त्यांच्याकडं कर या अर्थी वापरतात, सरकारला भरायचा कर. म्हणून ओळखीचं अक्षर दिसलं की लगेच अर्थ आपला धरू नका. नातं आहे, पण घर वेगळं झालंय.

जिथं शब्द जड होतो

नॉम पेन्ह शहरात तुओल स्लेंग नावाची जागा आहे. आधी ती शाळा होती. ख्मेर रूज राजवटीत तिथं एस-२१ नावाचा तुरुंग केला, हजारो माणसं तिथं नेली आणि जवळजवळ कुणीच जिवंत बाहेर आलं नाही. राजवट पडल्यावर तिथं संग्रहालय झालं. २०२५ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. मी गेलो तेव्हा वर्गाच्या फरशीवर लोखंडी गज पाहिले आणि त्यात ओवलेल्या पायाच्या कड्या. एका लांब गजात ओळीनं माणसं अडकवत. माझा हात लोखंडाचा, बघता क्षणी आकार ओळखला, गज म्हणजे पिन आणि कड्या म्हणजे शॅकल. मी रोज दगड उचलायला वापरतो तोच घाट. काकांनी मनगटं का जोडली ते मला त्या खोलीत कळलं.

तिथल्या इंग्रजी पाट्यांचं मराठी करायचं झालं तर ‘साखळी’ लिहू नका, साखळी तिथं नाही. ‘हातकडी’ लिहू नका, हात तिथं नाही. ‘पायबेडी’ लिहा, आणि गज दिसत असेल तर ‘गजात ओवलेल्या पायबेड्या’ असं सरळ सांगा. ‘दंडाबेडी’ जवळची आहे, पण दंडाबेडी एका माणसाची असते. इथं एक गज अनेकांचा होता.

त्या देशात हे जुनंच आहे. झोउ दाग्वान नावाचा चिनी दूत १२९६ साली अंगकोरला, ख्मेर राजांच्या राजधानीला, आला, वर्षभर राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की पळालेला गुलाम सापडला तर त्याच्या तोंडावर निळं गोंदत आणि गळ्यात लोखंडी कडं किंवा हातापायांत बेड्या घालत. अंगकोर वाटच्या दक्षिणेकडच्या कोरीव भिंतीवर यम आहे, चित्रगुप्त आहे, आणि खालच्या पट्टीत पापी माणसांना नाकात दोर घालून ओढत नेताना दाखवलंय. ते बघताना मला इंग्रजी शब्द आठवलाच नाही, वेसण आठवली. आपल्या पुरातत्त्व खात्यानं १९८६ ते १९९३ या काळात त्या देवळाचं काम केलं होतं. आपली कितीतरी माणसं त्या भिंतीसमोरून रोज गेली असतील.

आपल्याकडंही या शब्दांची अदलाबदल महागात पडते. सर्वोच्च न्यायालयात १९७८ च्या सुनील बत्रा खटल्याच्या निकालात एकांत कोठडीबरोबर ‘बार फेटर्स’चा, म्हणजे दंडाबेडीचा प्रश्न होता. १९८० चा प्रेमशंकर शुक्ला खटला ‘हॅण्डकफ’चा, म्हणजे हातकडीचा. दोन्ही निकालांचं मराठी करताना सगळीकडं ‘बेड्या’ लिहिलं की वाचणाऱ्याला कुठला निकाल कशाबद्दल तेच कळत नाही. एकात तुरुंगातल्या पायाचा प्रश्न आहे, दुसऱ्यात कोर्टाच्या वाटेवरच्या हाताचा.

कर्जाची बेडी

लाक्षणिक अर्थ आला की मूळ वस्तू सोडा आणि काय अडकलंय ते सांगा. ख्मेरमध्ये यासाठी ‘चोआप’ हा फार कामाचा शब्द आहे. अडकणं, चिकटणं, लागणं. ‘चोआप कुक’ म्हणजे तुरुंगात असणं. ‘चोआप बॉम्नॉल’ म्हणजे कर्जात असणं. गंमत नाही, खरंच, परीक्षेत पास होण्यालाही हाच ‘चोआप’ लागतो आणि निवडून येण्यालाही. म्हणून एकट्या शब्दावर घाबरू नका, शेजारी काय आहे ते बघा.

बीडकडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडं जायचं. याच्यावर इंग्रजीत कुणी ‘शॅकल्ड बाय डेट’ लिहिलं तर मराठीत ‘कर्जाच्या शृंखलांनी जखडलेला’ असं करू नका. ‘उचलीत अडकलेला’ म्हणा. ख्मेरमध्ये ‘चोआप बॉम्नॉल’ म्हणा. दोन्हीकडं ऐकणाऱ्याला लगेच समजतं. आणि माणसाला कर्जापोटी राबवून घेतलं जात असेल तर तिथं बेडीचं रूपकच नको, सरळ वेठबिगारी लिहा. आपल्याकडं १९७६ पासून त्याच्याविरुद्ध कायदा आहे, आणि कायद्याच्या शब्दाला तक्रार करता येते, रूपकाला येत नाही.

नोकरीच्या आमिषानं कंबोडियात नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन, फसवणुकीच्या कामाला बसवलेल्या पोरांच्या बातम्या आपण वाचतो. आपल्या सरकारनंही त्याबद्दल सावध केलंय. तिथं जाणाऱ्यानं दोन शब्द पाठ करून जावं, ‘चोआप’ आणि ‘डॉह लेङ’. अडकलोय, सोडवा.

आणि लोखंडाची कडी

शेवटी ज्यांच्या शॅकलच्या टोकाला माणूस नाही त्यांचं. भाषांतर करू नका. मराठीतही आपण केलेलं नाही. जालन्यातला कुठलाही खलाशी शॅकलला शॅकलच म्हणतो. ख्मेर यादीत ख्नॉह लिहायचं नाही. चित्र काढायचं आणि चित्राशेजारी चार गोष्टी लिहायच्या.

पहिली, आकार. सरळ ओढीसाठी डी-शॅकल, एका कडीत दोन-तीन बेल्ट यायचे असतील तर पोट फुगलेला बो-शॅकल. दुसरी, अंगावर कोरलेला टनाचा आकडा. वाळूचा दगड घनमीटरला सव्वादोन टनांच्या पुढं भरतो, त्या हिशोबानं घ्या, आणि ओढ तिरकी असेल तर ताकद कमी धरा. ४५ अंशांत तीस टक्के जाते, कडीच्या आडव्या बाजूनं ओढ आली तर निम्मी जाते. तिसरी, पिन आट्याची की नट आणि स्प्लिट पिनची. हरवलेल्या पिनेच्या जागी साधा बोल्ट कधीच घालू नका, कुठल्याही भाषेत. चौथी, नग किती.

मी काकांना दिलेल्या दुसऱ्या कागदावर हे सगळं होतं. त्यांनी चित्र बघितलं, मान डोलावली, आत गेले. बारा नग आणून फळीवर ओळीनं मांडले, प्रत्येकाची पिन स्वतः हातानं पूर्ण फिरवून बघितली, एकाचा आटा खराब निघाला तो बदलून आणला, आणि मग माझी सही घेतली.